कानांचा रविवार

आमच्या अब्बांची नजर काचबिंदूने जवळजवळ गेली, त्याला आता दीड वर्ष झाले. टीव्ही त्यांच्या कामाचा राहिला नाही, पेपर वाचून दाखवायला कोणाला सवड नाही. आम्ही शिक्षक. आठवडाभर दुसऱ्यांच्या मुलांना श्रवण, भाषण, वाचन, लेखन शिकवतो. घरात मात्र "अब्बा, जेवलात का? थेंब घातले का?" एवढ्यावर आमचे भाषण संपत होते. कबूल करायला लाज वाटते, पण खरे तेच आहे.

एका रविवारी पडवीतून त्यांनी विचारले, "बीबीसी अजून लागते का?"

अब्बांची उमर जहाजावर गेली. रत्नागिरीकडच्या मुस्लिम वस्त्यांत घरटी एखादा दर्यावर्दी निघतोच. शॉर्टवेव्हवर उर्दू खबरा ऐकायची त्यांना जुनी सवय. आम्ही मोबाइलवर शोधू लागलो आणि लागले बीबीसी रेडिओ फोर. इंग्रजी केंद्र. आम्ही बंद करणार तोच ते म्हणाले, "राहू दे. ही बोली आम्ही रोज ऐकायचो."

या केंद्रावर गाणी फारशी नसतात, दिवसभर माणसे बोलतात. 1967 पासून ते या नावाने चालू आहे. रविवार उजाडतो तो चर्चच्या घंटांनी. दर आठवड्याला वेगळे चर्च, आणि घंटा किती, सगळ्यांत मोठीचे वजन किती, तेही सांगतात. तिथले पावणेसहा म्हणजे आपले उन्हाळ्यात सव्वादहा आणि हिवाळ्यात सव्वाअकरा, कारण ते लोक वर्षातून दोनदा घड्याळे मागेपुढे करतात. मग निरनिराळ्या धर्मांतल्या घडामोडींचा कार्यक्रम, त्यानंतर एखाद्या संस्थेसाठी मदतीची हाक आणि मग प्रार्थनासभा. मदतीच्या हाकेची ही प्रथा 1926 पासूनची. एक वक्ता, एक संस्था, तीनेक मिनिटे. अब्बा हसून म्हणाले, "तीन मिनिटांत चंदा मागून होतो? आपल्याकडे तेवढ्यात नुसती प्रस्तावना होते." (जलशांना जाणाऱ्या वाचकांना हे पटावे.)

पुढे आर्चर्स नावाची श्रुतिका. एका काल्पनिक खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची ही गोष्ट 1951 पासून देशभर चालू आहे. युद्धानंतर धान्याची टंचाई होती, तेव्हा शेतीचे सल्ले गोष्टीतून कानावर घालावेत असा मूळ बेत होता. रविवारी आठवडाभराचे भाग एकत्र लागतात. अब्बांना त्यात रस वाटला नाही, आम्हालाही नाही. म्हशीच्या आजारपणाची गोष्ट असती तर कदाचित वाटला असता.

पण दुसऱ्या एका कार्यक्रमाने आमच्या घरात भलतेच केले. डेझर्ट आयलंड डिस्क्स, 1942 पासूनचा. पाहुण्याला विचारतात, की तुम्ही निर्जन बेटावर एकटे अडकणार आहात, कोणत्या आठ तबकड्या सोबत न्याल? शिवाय एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू, जिचा तिथे उपयोग शून्य हवा. शेक्सपिअर आणि बायबल आधीच देतात. ज्याला बायबल नको त्याला आपला धर्मग्रंथ मागता येतो.

आम्ही सहज विचारले, "अब्बा, तुम्ही काय न्याल?"

बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "आठ नकोत. तुझ्या अम्मीने धाडलेली कॅसेट पुरे."

"कोणती कॅसेट?"

तेव्हा कळले. पत्र लिहिणे अम्मीला जड जाई, म्हणून ती शेजारच्या टेपरेकॉर्डरवर बोलून कॅसेट जहाजाच्या कंपनीकडे पाठवायची. एकीत आंब्याचा हिशेब, कर्जाची बाब, आणि शेवटी आमचे रडणे. आम्ही तेव्हा दोन वर्षांचे. "ते रडणे ऐकून मी बंकवर झोपायचो," अब्बा म्हणाले. अम्मी जाऊन नऊ वर्षे झाली. हे आम्हाला कधी कोणी सांगितले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते.

रात्री सगळे झोपायच्या बेतात असताना तिथल्या संध्याकाळचा समुद्री हवामानाचा अंदाज लागतो. ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे 31 पट्टे ठरलेल्या क्रमाने सांगतात: वारा, पाऊस, दृश्यता. डॉगर, फिशर, जर्मन बाइट... अब्बा ओठ हलवत एकेक नाव निवेदकाच्या आधी घेत होते. प्लिमथ, बिस्के... आणि ते अडखळले. त्यांनी म्हटले "फिनिस्टर", रेडिओ म्हणाला "फिट्झरॉय".

आम्ही शोधून सांगितले. स्पेनचाही त्याच नावाचा, पण आकाराने वेगळा पट्टा होता. घोटाळा नको म्हणून 2002 मध्ये ब्रिटिशांनी आपले नाव बदलले. फिट्झरॉय हा ब्रिटनच्या हवामान खात्याचा संस्थापक. 1859 च्या एका भीषण जहाजबुडीनंतर वादळाचे इशारे द्यायची पद्धत त्यानेच बसवली. "मग ठीक आहे," अब्बा म्हणाले, "खलाशांसाठी राबलेला माणूस आहे." तरी पुढच्या रविवारी त्यांच्या तोंडून फिनिस्टरच निघाले.

कॅसेट पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. फीत थोडी चिकटली आहे आणि घरात टेपरेकॉर्डर नाही. बाजारपेठेत एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे आहे असे कळले. येत्या रविवारी, घंटा वाजायच्या आत, अब्बांना घेऊन तिकडे जाणार आहोत.