चिमणरावांचे चऱ्हाट व्हायला नको

१ जानेवारी २०२४ रोजी मराठी साहित्याच्या व्यवहारात एक मोठी घटना घडली. पण तिचा कोठे फारसा गाजावाजा झाला नाही. चिमणराव आणि गुंड्याभाऊ या जोडीचे जनक चिंतामण विनायक जोशी २१ नोव्हेंबर १९६३ रोजी निवर्तले. लेखकाच्या मृत्यूनंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून साठ वर्षे लेखनाचा हक्क त्याच्या वारसांकडे राहावा, असा आपला कायदा आहे. ती साठ वर्षे २०२३ च्या अखेरीस संपली. चिमणराव तेव्हापासून साऱ्यांचे झाले. त्यांच्या गोष्टी कोणीही छापाव्यात, कोणीही रंगभूमीवर आणाव्यात आणि कोणीही दूरचित्रवाणीवर दाखवाव्यात. परवानगी विचारण्याचे कारण उरलेले नाही.

सार्वजनिक विहिरीचे जे होते तेच अशा साहित्याचे होते. पाणी सारा गाव भरतो, गाळ उपसायची पाळी मात्र कोणाचीच नसते. म्हणूनच चिमणरावांच्या पडद्यावरील पुनरागमनाचा विचार त्यांच्या चाहत्यांनी आधीच करून ठेवलेला बरा. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर आज अनेक मालिकांचे चित्रीकरण चालते. वाहिन्यांची कथानकांची भूक अघोरी आहे आणि हाताशी असलेले, लोकांना ठाऊक असलेले, शिवाय फुकटचे नाव त्यांच्या नजरेतून फार काळ सुटेल असे नाही.

चिमणराव पडद्याला नवे नाहीत. त्यांच्या जनकालाही पडद्याचे वावडे नव्हते. बडोद्याच्या महाविद्यालयात पाली भाषा शिकविणारा हा विद्वान चित्रपटांसाठीही लिहीत असे. मास्टर विनायकांच्या ‘सरकारी पाहुणे’ या १९४२ च्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी रंगविली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात दिलीप प्रभावळकर यांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ घराघरांत पोचले. १९७९ मध्ये याच दोघांना घेऊन विनय धुमाळे यांचा ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही आला. बाळ कर्वे २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले, तेव्हा जुन्या पिढीला हळहळ वाटली ती एका नटासाठी, तितकीच आपल्या घरातल्या कोणा धिप्पाड, प्रेमळ आणि आडदांड भावासाठी.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या गावांना या मालिकेचा लळा विशेष लागला, यात नवल नव्हते. मुंबईत जागा परवडेना म्हणून गिरगाव-दादर सोडून आलेला आणि पुण्या-कोकणातून नोकरीसाठी आलेला मध्यमवर्ग येथे वसला होता. कचेरीत साहेबाची, घरी जमाखर्चाची आणि फलाटावर गर्दीची भीती बाळगणारा कारकून हा या वस्तीचा कणा. चाळीत किंवा नव्या सोसायटीत एखाद्याच घरी दूरचित्रवाणी संच असे आणि संध्याकाळी त्या घराचा उंबरठा शेजाऱ्यांच्या चपलांनी भरून जाई. पडद्यावरचा भित्रा, पापभीरू, स्वतःला फार शहाणा समजणारा आणि प्रत्येक वेळी फजीत होणारा गृहस्थ पाहून ही माणसे हसत, कारण तो गृहस्थ सकाळच्या आठ बावीसच्या गाडीत त्यांच्या शेजारीच उभा असे.

त्या मालिकेजवळ रंग नव्हता, साधनांची रेलचेल नव्हती. मग तिच्याजवळ काय होते, आणि आज ते साधणे कठीण का आहे, हा खरा प्रश्न आहे.

पहिली अडचण निवेदनाची आहे. ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ १९३३ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यातील गोष्टी चिमणराव स्वतः सांगतात आणि सगळी गंमत या सांगण्यात आहे. आपण किती प्रसंगावधानाने वागलो हे चिमणराव गंभीरपणे पटवून देत असतात आणि त्याच वाक्याच्या आडून त्यांची घाबरगुंडी वाचकाला दिसत असते. जे घडले आणि जे सांगितले जाते, त्या दोहोंच्या फटीत चिं. विं.चा विनोद राहतो. कॅमेरा ही फट बुजवून टाकतो. तो घडले तेच दाखवितो. चिमणराव घसरून पडले की पडद्यावर ते फक्त पडतात. पुस्तकात मात्र ते पडल्याचे समर्थन करतात. पार्श्वभूमीवर सतत निवेदन ठेवावे, तर मालिकेचे पुस्तकवाचन होते. ते काढून टाकावे, तर उरतो तो केवळ प्रहसनाचा सांगाडा. प्रभावळकरांनी ही अडचण अभिनयाने ओलांडली. त्यांनी चिमणरावांचा विदूषक होऊ दिला नाही. फजितीच्या ऐन क्षणी चेहऱ्यावर प्रतिष्ठा सांभाळण्याची जी केविलवाणी धडपड त्यांनी दाखविली, तीच पुस्तकातल्या समर्थनाची जागा घेत असे. आपण विनोद करीत आहोत याचा पत्ता ज्या नटाला लागतो, त्याने ही भूमिका घेऊ नये.

दुसरी अडचण वाचकाच्या मनातल्या चित्राची. आवडत्या पुस्तकातल्या माणसाला प्रत्येक वाचकाने आपापला चेहरा दिलेला असतो. पडदा हे हजार चेहरे पुसून तेथे एकच बसवितो. नव्या मालिकेपुढचे संकट तर दुहेरी आहे. तिला पुस्तकाशी आणि जुन्या मालिकेच्या आठवणीशीही झुंजावे लागेल. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचा दाखला येथे उपयोगी पडतो. फुरसुंगीचा हा चपळ पोरगा ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन याने उभा केला, तो शाळकरी वयाचाच. २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ याने रंगविलेला फेणे मात्र वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण होता. चित्रपट अनेकांना आवडला. तरीही ज्यांनी शाळेच्या बाकाखाली पुस्तक लपवून वाचले होते, त्यांना आपला फेणे कोठे तरी हरवल्यासारखे वाटले. त्यांची तक्रार अन्यायाची असेल, पण ती खोटी नव्हती.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण आकाराची आहे. चिं. विं.च्या पुस्तकांची नावे पाहावीत: ‘एरंडाचे गुऱ्हाळ’, ‘चिमणरावांचे चऱ्हाट’. नावे कंटाळवाण्या पाल्हाळाची आणि आतली गोष्ट मात्र मोजून मापून लिहिलेली. एक बेत, त्याचा विचका आणि शेवटी एखादे वाक्य, की संपले. आजच्या दैनंदिन मालिकेचा धर्म याच्या नेमका उलट आहे. तेथे गोष्ट संपणे हाच अपराध. सोमवार ते शनिवार भाग हवा, प्रत्येक भागाच्या अखेरीस काळजाचा ठोका चुकविणारा प्रसंग हवा आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे चढते असतील तोवर पात्रांची लग्ने, अपघात आणि स्मृतिभ्रंश चालूच हवेत. या जात्यात चिमणराव घातले, तर वर्षभरात काऊला एखादी कारस्थानी जाऊ मिळेल, गुंड्याभाऊंचा जुळा भाऊ परदेशातून परतेल आणि मोरूच्या लग्नाला चाळीस भाग लागतील. चिं. विं.नी थट्टेने ठेवलेले नाव वाहिन्या अक्षरशः खरे करून दाखवितील.

हा सारा दोष वाहिन्यांच्या माथी मारणे मात्र सोयीचे असले तरी न्यायाचे नाही. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ मध्ये आल्या आणि १९८४ च्या ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले. त्या आधीचा निर्माता सरकारी पगार घेत होता. त्याच्यावर साहेबाचा धाक असे, पण आकड्यांचा नसे. आजचा निर्माता ज्या पैशावर जगतो, तो पैसा प्रेक्षक जेथे थांबतो तेथेच वाहतो. रोज संध्याकाळी सासू-सुनेच्या भांडणापाशी थांबायचे आणि सकाळी गाडीत ‘पूर्वीसारख्या मालिका राहिल्या नाहीत’ म्हणून उसासे टाकायचे, हा दुटप्पीपणा ठाणे-डोंबिवलीच्या सुशिक्षित घरांतही कमी नाही. चिमणरावांनी त्यावर एक उत्तम लेख लिहिला असता.

चौथी अडचण काळाची. या गोष्टींतले पुणे हे नव्वद वर्षांपूर्वीचे, एका विशिष्ट समाजाचे आणि एका विशिष्ट घरबांधणीचे आहे. बायकोच्या अज्ञानावरची किंवा मुलीच्या लग्नाच्या काळजीवरची काही थट्टा आज पूर्वीसारखी हसवीत नाही. काही ठिकाणी ती बोचते. मग काय करावे? येथे दोन वाटा प्रामाणिक आहेत. एक म्हणजे गोष्टी त्यांच्याच काळात ठेवाव्यात; पगडी, टांगा, दिवाणखाना, भाषा सारे तेथलेच असावे; जी थट्टा शिळी झाली ती गोष्ट निवडूच नये, पण निवडली तिच्या तोंडी आजचे उपदेश कोंबू नयेत.

दुसरी वाट आर. के. लक्ष्मण यांच्या निमित्ताने दिसली. त्यांच्या व्यंगचित्रांतला सामान्य माणूस १९५१ पासून वृत्तपत्राच्या चौकटीत उभा आहे आणि तो एक अक्षर बोलत नाही. त्याला बोलायला लावणे म्हणजे त्याला संपविणे. दूरदर्शनवर १९८८ मध्ये लक्ष्मण यांच्या कल्पनेतून ‘वागळे की दुनिया’ आली, तेव्हा कुंदन शहा यांच्या दिग्दर्शनाखाली अंजन श्रीवास्तव यांनी उभा केला तो एक नवा, बोलका, बायकामुलांचा मध्यमवर्गीय माणूस. सामान्य माणूस आपल्या चौकटीत शांत राहिला. त्याच्या मनातले जग मात्र पडद्यावर आले. मूळ चित्राला हात न लावता त्याचा स्वभाव उचलणे याला खरे रूपांतर म्हणावे. हाच न्याय चिमणरावांना लावायचा, तर आजच्या डोंबिवलीत, कर्जाचा हप्ता आणि पुनर्विकासाच्या बैठका सांभाळणारा नवा माणूस निर्माण करावा. त्याला नाव नवे द्यावे आणि चिं. विं.चे ऋण श्रेयनामावलीत मान्य करावे.

मधली वाट तेवढी फसवी आहे. नाव चिमणरावांचे, हातात मोबाईल, घर आलिशान, आणि कोठे हसायचे हे सांगायला मागून वाजणारा हशा: असा संकर झाला तर तो ना चिं. विं.चा राहील, ना आजचा. दुर्दैवाने बाजाराला हीच वाट सर्वांत सोपी वाटते.

कोणी म्हणेल, इतकी काळजी कशाला? ज्याला चिमणराव हवेत त्याने पुस्तक वाचावे. सल्ला उत्तम आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून याच सल्ल्यावर उभे आहे. पण याच शहरांत इंग्रजी माध्यमात शिकणारी, मराठी बोलणारी पण मराठी पुस्तक हाती न धरणारी एक पिढी वाढते आहे. तिची चिमणरावांशी पहिली भेट पडद्यावरच होणार. ती भेट फसली तर दुसरी होणार नाही. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कित्येकांनी आधी प्रभावळकरांना पाहिले आणि मग पुस्तक मागितले. चांगले रूपांतर पुस्तकाचे दार उघडते. वाईट रूपांतर ते दार असल्याचेच विसरायला लावते.

यातून काही मागण्या सरळ निघतात. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने हे काम अंगावर घ्यावे. तिच्यावर आकड्यांचा ताण खासगी वाहिन्यांइतका नाही आणि या जोडीवर तिचा वारसाहक्कही आहे. मालिका तेरा किंवा फार तर सव्वीस भागांची असावी आणि प्रत्येक भाग स्वतःपुरता संपावा. आधी लेखक ठरावा, मग नट. त्याचबरोबर जुन्या मालिकेच्या जेवढ्या फिती शिल्लक असतील तेवढ्या नीट जतन करून लोकांसमोर आणाव्यात. बीबीसीसारख्या संपन्न संस्थेनेही एके काळी फिती पुसून पुन्हा वापरल्या आणि मग जगभर शोधत फिरण्याची वेळ तिच्यावर आली. तो शहाणपणा आपल्याला उशिरा यायला नको.

आणि शिक्षकांना एक विनंती. आठवड्यातला एक तास वर्गात चिमणरावांची एक गोष्ट मोठ्याने वाचावी. त्यासाठी आता कोणाचा हक्क आड येत नाही. ज्या मुलाने चिमणरावांचा आवाज एकदा कानाने ऐकला, त्याला उद्या पडद्यावर तोतया उभा केला तर तो ओळखता येईल. कायद्याचे संरक्षण संपल्यानंतर लेखकाला याहून भक्कम संरक्षण देता येत नाही.