अंगणांतील भूर्जवृक्ष

भूर्जपत्र हा शब्द आपणां बहुतेकांस पोथ्यांमुळें ठाऊक असतो. झाड मात्र फार थोड्यांनीं पाहिलेलें असतें. कालिदासानें ‘कुमारसंभवा’च्या आरंभींच हिमालयांतील भूर्जाची साल प्रेमपत्रांकरितां खर्चिली आहे. डॉ. बूलर यांनीं १८७५ सालीं काश्मीरांतून मिळविलेली भूर्जपत्रांवरील ऋग्वेदाची पोथी पुण्याच्या भांडारकर संशोधन मंदिरांत आजही आहे. तेव्हां न्यू जर्सींत घर घेतलेल्या माझ्या पुतण्यास दारीं भूर्ज असावा असें वाटलें, यांत नवल नाहीं. रोपवाटिकेंत दोन जाती मिळतात, असें तो लिहितो : शुभ्र सालीचा हिमालयी भूर्ज, आणि तांबूस, सोलवटलेल्या सालीचा तिकडचाच नदीकांठचा भूर्ज. घरांतील सर्व मंडळींचा कौल अर्थातच हिमालयीकडे पडला. मी एकटा विरुद्ध आहें.

हिमालयी भूर्ज सुमारें तीन हजार मीटर उंचीवर, बर्फाच्या शेजारीं वाढणारा. न्यू जर्सींतील दमट उन्हाळा त्यास मानवत नाहीं. मुळें उथळ, जमीन तापली वा सुकली कीं झाड खंगतें, आणि खंगलेल्या झाडावर तेथील एक भुंगेरा अंडीं घालतो. त्याच्या अळ्या सालीखालीं बोगदे पोखरून रसाची वाट तोडतात. प्रथम शेंडा वाळतो. पुढें बहुधा दोन-चार वर्षांत झाड जातें. अमेरिकन भूर्जांना या किड्याशीं पिढ्यान्पिढ्या झुंजण्याची संवय आहे; त्यांतही नदीकांठच्या जातीस तो सहसा शिवत नाहीं. परदेशी पाहुण्यास ती शक्ति नाहीं. आमच्या न्हावऱ्याकडे पाऊस बेताचा. येथें कडुनिंब तगतो, कोंकणची सुपारी तगत नाहीं, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. परदेशीं गेलें कीं मात्र विसरतें!

नदीकांठच्या जातीचेही हट्ट आहेतच. तिला ओल हवी, जमीन किंचित् आम्ल हवी. चुनखडीच्या जमिनींत पानें पिवळीं पडतात. झाड पन्नास फुटांवर जाऊं शकतें, म्हणून भिंतीपासून वीस फूट तरी दूर लावावें. बुंध्याभोंवतीं पालापाचोळा पसरावा, आणि वसंतांत फांदी छाटूं नये, कारण तेव्हां जखमेंतून रस वाहत राहतो.

वहिनींचा एक प्रश्न उरला : त्या सालीवर श्रीकार तरी लिहितां येईल कां ? साल फाटक्या सुरळ्यांची, काश्मिरी पोथीसारखीं सलग पानें निघणार नाहींत. गळून पडलेल्या तुकड्यावर नातवानें खुशाल लिहावें. जिवंत झाडाची साल मात्र कोणीं ओढूं नये.