पावतीपुस्तक कोणाच्या हातात?

गेल्या रमजानची गोष्ट. सव्विसावा रोजा होता. जोहरची नमाज पढून घरी आलो, जरा आडवा होणार तेवढ्यात बेल वाजली. दारात दहा-अकरा वर्षांचा मुलगा. मळकट पांढरा कुर्ता-पायजमा, डोक्यावर जाळीची टोपी, खांद्याला कापडी पिशवी, हातात पावतीपुस्तक. ‘अस्सलामु अलैकुम, मदरसे का चंदा’ एवढं एका दमात बोलून तो माझ्याकडे न बघता उंबरठ्याकडे बघत उभा राहिला.

मुंब्र्यात राहणाऱ्याला हे दृश्य नवीन नाही. रमजानचे शेवटचे दहा दिवस आमच्या बिल्डिंगमध्ये दिवसाला सहा-सात पावतीपुस्तकं येतात. मी पाकिटातून पाचशेची नोट काढली. त्याने दाराच्या चौकटीला पुस्तक टेकवून, जीभ किंचित बाहेर काढून, सावकाश उर्दूत माझं नाव लिहिलं. माझा मुलगा सहावीत आहे. तो माझ्या कमरेला टेकून हे बघत होता. पावती हातात आल्यावर म्हणाला, ‘अब्बा, ह्याचं अक्षर माझ्यापेक्षा छान आहे.’ मी हसलो. पावती फ्रिजवर चिकटवली. जकात दिली, बरं वाटलं, विषय संपला.

असरच्या अजानला खाली उतरताना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात तोच मुलगा झोपलेला दिसला. डोकं पिशवीवर, पावतीपुस्तक कुर्त्याच्या आत दाबून धरलेलं. उठवला तर दचकून आधी पुस्तक चाचपलं. रोजा आहे म्हणाला. ह्या वयात रोजा फर्ज नाही, तरी होता. गाव बिहारमधलं. बाकीची मुलं कुठे, तर प्रत्येकाला एकेक गल्ली वाटून दिलेली. मग त्याने मलाच विचारलं, ‘चाचा, ऊपर के माले पे सब लोग देते हैं क्या? आज ये किताब पूरी करनी है.’

घरी येऊन पावतीवरच्या नंबरला फोन लावला. मदरशाचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका मदरशाचा नाही. पलीकडचे गृहस्थ अदबीने बोलले. मी म्हटलं, हजरत, एवढ्या लहान मुलाला उन्हात एकटं का पाठवता? त्यांचं उत्तर माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. म्हणाले, ‘भाईजान, मोठा माणूस गेला तर लोक आधार कार्ड मागतात, दहा सवाल करतात. बच्चे को देखकर दे देते हैं.’

ते खोटं बोलत नव्हते. मी तेच तर केलं होतं. त्या मुलाच्या जागी दाढीवाला माणूस असता तर मी पाचशेऐवजी पन्नास दिले असते, वर दाखला मागितला असता. मुलाला बघून मी काहीच विचारलं नाही.

हे लिहू की नको, ह्यात सात-आठ महिने गेले. आपल्या घरातली गोष्ट बाहेर बोलली की ती कोणाच्या हातात पडेल ह्याची भीती आज प्रत्येक मुसलमानाला आहे, आणि ती खोटी नाही. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून मदरशात शिकायला निघालेली बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. बालतस्करीचा गुन्हा लागला, पाच शिक्षकांना अटक झाली, त्यांनी चार आठवडे कोठडीत काढले. पुढच्या वर्षी पोलिसांनीच गैरसमजातून गुन्हा नोंदवला गेला असं सांगून केस बंद केली. अटकेची बातमी जेवढी फिरली, तेवढी केस बंद झाल्याची फिरली नाही. तेव्हा ज्यांना मदरसा म्हटलं की एकच चित्र दिसतं, त्यांच्यासाठी हा लेख नाही. मदरशात मुलं जातात तरी किती? सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाप्रमाणे शाळकरी वयाच्या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी जेमतेम चार टक्के. ही चार टक्के मुलं बहुतेक अशा घरांतली, जिथे मुलगा मदरशात गेला म्हणजे एक ताट कमी झालं. त्यांना कोणीतरी जेवू घालतंय, शिकवतंय, ह्याबद्दल मला आदरच आहे.

पण भीती वाटते म्हणून आपण आपसातही बोलायचं नाही, तर मग बोलायचं कधी?

आता मुद्द्याचं. कुरआनात, सूरह तौबामध्ये, जकात कोणाला द्यायची त्याचे आठ वर्ग सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन ह्यांच्यानंतर लगेच तिसरा वर्ग येतो तो जकात गोळा करणाऱ्यांचा. म्हणजे गोळा करणं हे काम आहे, त्याला मजुरी आहे, आणि काम म्हटलं की ते जबाबदार, हिशेब देणाऱ्या मोठ्या माणसाचं. ज्याला मिळायचं तो वर्ग वेगळा, जो गोळा करतो तो वेगळा. आपण काय केलं? दोन्ही वर्ग एका दहा वर्षांच्या पोरात कोंबले. ज्याच्या जेवणासाठी पैसा हवा, त्यालाच दारोदार पाठवला. आणि जिथे पुस्तकामागे टक्केवारी ठरते, तिथे तर गोष्ट आणखी बिघडते. टक्केवारीवर चंदा गोळा करणं अनेक उलेमांनी नाजायज ठरवलं आहे. तरी ते चालतं, हे चंदा देणाऱ्यालाही ठाऊक असतं.

मागायला आलेल्या एका माणसाची हदीस आपण जुम्म्याच्या बयानात किती वेळा ऐकतो. घरात एक चादर आणि एक पेला एवढंच होतं त्याच्या. हजरत मुहम्मद (स.) यांनी ते मागवून दोन दिरहमला विकले, एकाचं घरी अन्न न्यायला लावलं, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली, स्वतःच्या हाताने तिला दांडा बसवून दिला आणि त्याला लाकडं तोडायला पाठवलं. ही हदीस ऐकून आपण मान डोलावतो, मस्जिदीबाहेर येतो आणि पोराच्या हातातल्या पुस्तकावर शंभर रुपये ठेवतो.

खरं सांगायचं तर लहानपणी मीही दारोदार फिरलो आहे. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या आमच्या गावात फित्रा तांदळाचा निघायचा. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी पाळण्यातल्या बाळामागेही, रोजच्या खाण्यातलं धान्य ठरावीक मापाने द्यायचं, आणि तेही ईदच्या नमाजच्या आधी. किलोत ते अडीचच्या आसपास बसतं, आमची जमात सरळ तीन धरायची. दादी रोजा सोडल्यावर माप घेऊन बसायची आणि वर एक मूठ जास्त टाकायची. ती कशासाठी, तर मापात चूक झाली असेल तर आपल्या अंगावर नको.

अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या रोजाला मोहल्ल्यातली आम्ही चार-पाच पोरं गोणी घेऊन निघायचो. कोणाच्या घरून सहा माणसांचं, कोणाच्या घरून अकरांचं. दारात उभं राहून ओरडायचं, ‘फित्रा!’ कोणी खजूर द्यायचं, कोणी ‘आत्ता आलास होय, सकाळपासून बांधून ठेवलाय’ म्हणून ओरडायचं. मान खाली घालण्याचा प्रश्नच नव्हता. आम्हाला हे मिरवणं वाटायचं. गोणी कोण उचलणार ह्यावरून भांडणं व्हायची. शिमग्याला गावातली हिंदू पोरं आमच्या ओटीवर पोस्त मागायला यायची, तीही अशीच छाती काढून. तांदूळ स्वतःच्या पोटासाठी नाही, हे आम्हालाही ठाऊक आणि देणाऱ्यालाही.

सगळा तांदूळ जमातीच्या सदरांच्या पडवीत रिकामा करायचा. तिथून पुढे आमचं काम संपलं. कोणाला किती जाणार हे त्यांच्या डोक्यात. चांदरातीला इशानंतर ते एकटेच कंदील घेऊन निघायचे. पोरांनी मागे यायचं नाही, ही सक्त ताकीद.

एक वर्षी मी गेलोच मागे. माडाच्या आड उभा राहिलो. सदर आमच्या आळीतल्या एका विधवेच्या मागच्या दाराशी गेले. आम्ही तिला खाला म्हणायचो. तांदूळ ठेवला, काही न बोलता परत फिरले. मी चक्रावलो, कारण त्याच दुपारी तिच्याच पुढच्या दारातून मी तीन जणांचा फित्रा गोणीत ओतून घेतला होता. तिने दिला आणि तिलाच मिळाला! दादीला विचारलं तर आधी पाठीत धपाटा बसला, मग उत्तर मिळालं. शाफई मतात फित्रा द्यायला मालदार असावं लागत नाही. ईदच्या दिवसाचं नि रात्रीचं खाऊन उरेल एवढं घरात असलं की तो द्यायचा. म्हणून गरीबही देतो आणि तोच घेतोही. खालाने दिवसाउजेडी, मोहल्ल्यासमोर, पुढच्या दाराने दिलं. घेतलं ते अंधारात, मागच्या दाराने. ईदला तिची मुलं आमच्याबरोबरच ईदगाहला आली, आणि फित्रा दिलेल्या घरातली म्हणूनच आली.

जिन्यात झोपलेला तो मुलगा आणि गोणीवरून भांडणारा मी, दोघंही ईदच्या तोंडावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं ठोठावत होतो. वरवर बघणाऱ्याला फरक दिसणार नाही. पण मी दुसऱ्याचं काम करत होतो आणि तो स्वतःची गरज दाखवत फिरत होता. माझ्यासाठी तो खेळ होता, चुकलो तर दादीचा धपाटा. त्याला किताब पूरी करायची होती. त्याच्या गरिबीचाच तिथे दाखला म्हणून वापर होत होता, म्हणून तर कोणी दुसरा दाखला मागत नव्हतं.

मग करायचं काय? काही गोष्टी साध्या आहेत. पावतीपुस्तक घेऊन मूल आलं तर पैसे त्याच्या हातात द्यायचे नाहीत. पाणी विचारायचं, रोजा नसेल तर जेवायला बसवायचं, पावतीवरचा नंबर घ्यायचा आणि सांगायचं, मोठ्या माणसाला पाठवा, हिशेब दाखवा, आम्ही देतो. आणि मग खरंच द्यायचं, मुलाला दिले असते त्याहून जास्त द्यायचं. नाही तर सुधारणेच्या नावाखाली आपलाच खिसा वाचवल्यासारखं होईल आणि मदरशातल्या ताटात भात कमी पडेल. तशी सुधारणा मला नको. दाढीवाल्याला दहा सवाल विचारायला हरकत नाही, पण उत्तरं मिळाल्यावर पाकीटही तेवढंच उघडलं पाहिजे.

हे मी आमच्या मस्जिद कमिटीपुढे मांडलं. प्रस्ताव एवढाच की शेवटच्या दोन जुम्म्यांना बाहेर एक टेबल लावू, जे मदरसे हिशेब दाखवतील त्यांच्या जबाबदार माणसांना तिथे बसू देऊ, आणि मोहल्ल्यात मुलांना फिरवायचं नाही असा बोर्ड लावू. एक बुजुर्ग म्हणाले, ‘टेबलवर कोण देतं? लोक रांगेत चप्पल शोधत असतात.’ दुसऱ्यांनी विचारलं, बोर्डाचा फोटो काढून कोणी टीव्हीवर दाखवला तर? तिसरे, जे स्वतः लहानपणी असंच पुस्तक घेऊन मुंबईत फिरलेले आहेत, ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, ‘बोर्ड नको. टेबल लावा. मी बसतो.’

ह्या रमजानला टेबल लागणार आहे. किती जमेल, सांगता येत नाही.

आणि दुसरं एक. आमच्या बिल्डिंगमधल्या शाफई घरांचा फित्रा ह्या वेळी तांदळाच्या रूपात गोळा करायचं ठरलंय. पिशव्या घेऊन माझा मुलगा आणि त्याचे तीन मित्र फिरणार आहेत. काल त्याने विचारलं, ‘मग हा तांदूळ कोणाला द्यायचा?’ म्हटलं, तुझं काम खालच्या ऑफिसात आणून ठेवण्यापर्यंत. तो म्हणाला, ‘पण मला बघायचंय.’ मी म्हटलं, मागे आलास तर धपाटा मिळेल.