हॉकीचे जुने गडी

पराभव झाला की जुने गडी काढा अशी हाकाटी होतेच. वाचकहो, २०२४ चे पॅरिस ऑलिंपिक आठवा. बचावातल्या अमित रोहिदासवर एका सामन्याची बंदी आली. त्याच्याविना उपांत्य सामन्यात भारत जर्मनीकडून २-३ ने हरला. मग पाच-सहा जण एकदम काढल्यावर काय उरेल?

पण त्या स्पर्धेत भारताच्या १५ गोलांपैकी १० एकट्या कर्णधार हरमनप्रीत सिंगचे, हीही चिंताच. जुगराज सिंग तेव्हा राखीवच राहिला. पुढच्याच महिन्यात आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकमेव गोल त्याने केला, तोही हरमनप्रीतच्या पासवर. धाकट्याला थोरल्याशेजारी बसविल्याने काय होते, हे आम्हा मास्तरांना ठाऊक आहे. निवड समितीने दर दौऱ्यात एक-दोन नवे घ्यावेत, जुन्यांच्या जोडीला, जागा रिकामी होण्याआधी.