ॲनिमोन : थंडीपुरता पाहुणा

दिवाळी आटोपली, फराळाचे डबे घासून पालथे पडले, की मैत्रिणींना कुंड्यांची आठवण होते. यंदा जिने-तिने विचारलं ते ॲनिमोनबद्दल. पाकिटावरची ती लाल-जांभळी, मधोमध काळंभोर बोंड असलेली फुलं पाहून मोह पडणारच! हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. ग्रीक भाषेत ‘आनेमोस’ म्हणजे वारा, त्यावरून हे नाव. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. त्यामुळे हे झाड थंडीत वाढतं, वसंतात फुलतं आणि उन्हाळा मातीखाली कंदात झोपून काढतं.

आता आपल्याकडचं बघा. बोरी अरब काय, दारव्हा काय, मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या घरात. याला हवी १०-१५ अंशांची थंडी. म्हणजे हातात काय ते तीन-चार महिने. कंद नोव्हेंबरमध्ये मातीत गेलेच पाहिजेत. लावल्यापासून फुलायला साधारण तीन महिने लागतात. संक्रांतीला कंद आणून लावले, तर फूल यायच्या सुमाराला ऊन तापलेलं असेल.

कंद दिसायला अगदी वाळके, वेडेवाकडे. ते तीन-चार तास साध्या पाण्यात ठेवायचे, फुगून टपोरे होतात. रात्रभर मात्र ठेवू नका, कुजतात. माझं भांडं पाहून शेजारच्या आजी म्हणाल्या, “काऊन वं, सुंठ भिजू घातली का?” आम्ही दोघीही हसलो खऱ्या, पण बायांनो, यात हसण्यासारखं काही नाही. या झाडाचा ताजा रस विषारी. हाताला लागला तर कातडीची आग होते, पोटात गेला तर तोंड भाजल्यासारखं होतं, उलट्या होतात. म्हणून कंदाची पुडी मसाल्याच्या फळीवर ठेवायची नाही, भिजवायला स्वयंपाकातलं भांडं घ्यायचं नाही, आणि हात साबणाने धुवायचे. घरात रांगतं मूल असेल तर माझं स्पष्ट मत, यंदा राहू द्या. फूल पुढच्या वर्षीही मिळेल.

आपली काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण या कंदाला नाही. पाणी धरून ठेवते आणि कंद सडतो. एक भाग माती, एक भाग नदीची रेती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत असं मिसळा. कुंडी मातीचीच घ्या, ती गार राहते. खालचं भोक खापरीने झाका. आठ इंची कुंडीत चार-पाच कंद, दोन इंच खोल, निमुळतं टोक खाली. टोक कळत नसेल तर आडवा ठेवा, कोंब आपला वर येतो.

घरात ठेवायचं तर पूर्वेच्या खिडकीत, चार-पाच तास कोवळं ऊन मिळेल असं. चुलीच्या, गॅसच्या जवळ नको. रात्री कुंडी ओट्यावर नेऊन ठेवा. डिसेंबरची ती थंडी आपल्याला बोचते, त्याला मानवते. माती वरून सुकली की पाणी, रोज उठून नाही. मावा पडला तर पातळ साबणाचं पाणी शिंपडा. फूल रात्री मिटतं आणि ऊन आलं की उघडतं, तेव्हा संध्याकाळी मिटलेलं पाहून घाबरू नका.

होळीच्या सुमाराला पानं पिवळी पडतील. “तुझ्या हाताला गुण नाही,” असं घरात कुणी म्हणालंच, तर मुळीच मनाला लावून घेऊ नका. झाड झोपायला निघालंय, मेलेलं नाही. पाणी थांबवा. पानं पूर्ण वाळली की कंद काढून, झटकून, फडक्याच्या पुरचुंडीत कोरड्या, गार जागी टांगा, मुलांचा हात पोचणार नाही असे. खरं सांगायचं तर आपल्या उन्हाळ्यातून निघालेले सगळेच कंद दुसऱ्या वर्षी फुलत नाहीत. दरवर्षी नवे घ्यायची तयारी हवी.

तेवढा खर्च नको असेल, तर वाऱ्याच्याच नावाचं दुसरं फूल आहे, झेफिरँथस. आपण त्याला पावसाळी लिली म्हणतो. झेफिर म्हणजे पश्चिमेचा वारा. ही लिली आपलं ऊन सोसते आणि पाऊस झाला की चार-सहा दिवसांत गुलाबी किंवा पांढरी फुलते. हिचेही कंद खाण्याचे नव्हेत, तेवढं सांभाळा. विकत मात्र घेऊ नका, कुणाच्या तरी अंगणात गड्डा माजलेला असतोच. जूनमध्ये मागून आणा.