गंज येतो कुठून?

जुनी मोटार तापली की सारे रेडिएटरवर तुटून पडतात. पण तो बिचारा तांब्या-पितळेचा. त्याला लोखंडाचा गंज चढणार कसा? त्यातला तांबडा गाळ येतो इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकमधून. ओतकामातली वाळू काढायला ब्लॉकला ठेवलेली भोके पत्र्याच्या बुचांनी बंद करतात. वडिलांच्या १९६५ च्या फियाटचे असे एक बूच मिस्त्रींनी उचकटले. बाहेरचा रंग शाबूत, आत पत्रा कांद्याच्या सालीएवढा! (काही प्रबंध आठवले.) गाडी भंगारात द्यायचे घरात जवळजवळ ठरलेच होते. मिस्त्रींनी तारेने गाळ खरवडला, उलटे पाणी सोडून ब्लॉक धुतला, पितळी बुचे ठोकली. नळाचे पाणी बंद. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. परवा आम्हां चौघांना घेऊन ती खंडाळ्याचा घाट चढली. डिकीतला पाण्याचा डबा भरलेलाच परत आला.