घरचा हिशेब : कोंबडीखाद्यातली पावडर

बचत गटाचे कर्ज काढून दोनशे-पाचशे ब्रॉयलर कोंबड्या पाळणारी कुटुंबे आता गावोगाव आहेत. त्यांच्या शेडवर विक्रेता येतो, पाकीट पुढे करतो आणि म्हणतो, "ताई, हे एन्झाइम खाद्यात टाका, कोंबडी झपाट्याने भरेल." टाकावे की नाही, असे आमच्या भगिनी विचारतात. आम्ही पशुवैद्य नव्हे, कारकुनी करणारी माणसे. पण हा प्रश्न निम्मा कोंबडीच्या पोटाचा आणि निम्मा हिशेबाचा आहे.

एन्झाइम म्हणजे पाचक द्रव्य. ते हार्मोन नव्हे, अँटिबायोटिकही नव्हे. खाल्लेले पचवायला मदत करणे एवढेच त्याचे काम. तेव्हा चिकन खाणाऱ्याने त्याला भिण्याचे कारण नाही.

मका आणि सोयाबीन पेंडीत स्फुरद असते, पण त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग कोंबडीला नीट पचत नाही. तो विष्ठेतून वाया जातो. म्हणून खाद्यात महागडी डीसीपी पावडर घालावी लागते. १९९१ साली नेदरलँड्समध्ये बाजारात आलेले फायटेज हे एन्झाइम हा अडकलेला स्फुरद मोकळा करते. खाद्यात गहू किंवा कोंडा जास्त असेल तर गोष्ट वेगळी. गव्हातल्या चिकट तंतूंमुळे आतड्यात लगदा होतो, विष्ठा पातळ पडते, खालचे तूस ओले होते आणि अमोनियाचा उग्र वास सुटतो. तेथे झायलानेज उपयोगी पडते. म्हणजे कुलपाप्रमाणे किल्ली हवी. कोणतीही पावडर कोणत्याही खाद्याला चालत नाही.

आता हिशेब पाहू. ब्रॉयलरच्या एकूण खर्चात साधारण ६० ते ७० टक्के खर्च खाद्याचा असतो. समजा, १०० कोंबड्या मिळून २०० किलो वजन भरले आणि ३४० किलो खाद्य लागले, तर किलोमागे १.७ किलो खाद्य झाले. पावडर घालून तेवढ्याच वजनाला ३३० किलो लागले, तर १० किलो खाद्य वाचले. खाद्य ४० रुपये किलो धरले, तर बचत ४०० रुपये. पावडरला ५०० रुपये गेले असतील, तर कोंबडी भरली पण घर रिकामे झाले!

तयार खाद्य विकत घेत असाल, तर त्यात एन्झाइम बहुधा आधीच असते. पोत्यावरची चिठ्ठी वाचा, दुकानदाराला विचारा. वरून पुन्हा घालणे म्हणजे दुप्पट खर्च. कंपनीच्या करारावर पक्षी वाढवत असाल, तर परस्पर काहीही मिसळू नका. खाद्य घरी बनवत असाल तरच हा विचार करा. फायटेज घालून डीसीपी तेवढीच ठेवली, तर बचत कसली? मात्र ती अंदाजाने कमी केली, तर पक्षी लंगडे पडतील. प्रमाण तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडूनच लिहून घ्यावे.

पाकिटावर एन्झाइमचे नाव, त्याची ताकद, टनामागे प्रमाण आणि मुदतीची तारीख नसेल, तर पाकीट परत करा. पावडर आधी दोन-तीन किलो भरड्यात कालवून मग सगळ्या खाद्यात मिसळावी, म्हणजे ती सारखी पसरते. उष्णतेने एन्झाइम मरते, म्हणून पाकीट पत्र्याखाली तापत ठेवू नये. मिसळताना नाकातोंडाला फडके बांधा, कारण ही धूळ छातीत गेली तर दम्याचा त्रास होऊ शकतो. लहान मुलांना तेथे थांबू देऊ नये.

एवढे करूनही खात्री हवी असेल, तर शेडमध्ये मधोमध जाळी लावा. एकाच दिवशी आलेली पिल्ले दोन्हीकडे सारखी ठेवा. एका बाजूला पावडर घाला, दुसऱ्या बाजूला घालू नका. पोती आणि वजने मुलांच्या वहीत रोज लिहा. विक्रेता पुन्हा आला की ती वही त्याच्यापुढे ठेवा. कर्जाचा हप्ता आपल्याला भरायचा आहे, तेव्हा निर्णयही आपल्याच आकड्यांवर घ्यावा.